एकपदीने बहुपदीला गुणायचं कसं: शाळा सुटून वर्षं लोटलेल्यांसाठी, पायरीपायरीने

१७ नंबरचा अर्ज भरून दहावीला बसणाऱ्यांसाठी, रात्रशाळेत नव्याने नाव घातलेल्यांसाठी, आणि मुलांचा अभ्यास घेता घेता सातवी-आठवीच्या बीजगणिताशी पुन्हा गाठ पडलेल्या आई-वडिलांसाठी हे लिहिते आहे. मीही मोठ्या खंडानंतर याच वाटेने दहावी झाले. गणित भाग १ चा पेपर ४० गुणांचा असतो. त्यात वर्गसमीकरण असो, दोन चलांतली समीकरणं असोत की अंकगणिती श्रेढी, कुठे ना कुठे कंस सोडवावा लागतोच. उदाहरणाची रीत कळलेली असते, सूत्र पाठ असतं, आणि कंस सोडवताना एक चिन्ह चुकतं की खालचं सगळं चुकत जातं. आमच्याबरोबरच्या कितीतरी जणांच्या वह्यांत मी हेच पाहिलं. म्हणून ही एकच क्रिया नीट बसवून घ्या. दोन-तीन संध्याकाळी पुरतात आणि पुढचे चार धडे हलके होतात.

पुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरं असतात. इथे मी क्ष आणि य वापरते. अक्षर कुठलंही घेतलं तरी कृती तीच राहते.

जवळ काय असू द्यावं

- चौकटीची वही. एका पदाखाली दुसरं पद नीट येतं, चिन्हाला स्वतःची चौकट मिळते.
- पेन्सिल आणि खोडरबर. पहिल्या दिवशी पेन नको.
- सातवीचं आणि नववीचं गणिताचं पुस्तक. दहावीचं पुस्तक हा भाग तुम्हाला येतो असं धरूनच पुढे जातं. सातवीत बैजिक राशींचा धडा आहे, नववीच्या भाग १ मध्ये बहुपदींचा. जुनी पुस्तकं घरात नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर त्यांच्या पीडीएफ मोफत मिळतात.
- दहापर्यंतचे पाढे. अडखळत असाल तर आधी तेच करा, त्यात कमीपणा काही नाही.

१. आधी पदं मोजा

२क्ष² − ५क्ष + ४ ही राशी पाहा. अधिक आणि वजा चिन्हांपाशी ती तुटते आणि तिचे तीन तुकडे होतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पद. एकच पद असेल तर एकपदी, दोन असतील तर द्विपदी, तीन असतील तर त्रिपदी. या सगळ्यांना मिळून बहुपदी म्हणतात.

गुणाकाराने पद तुटत नाही. ३क्षय हे एकच पद आहे, त्यात ३, क्ष आणि य एकमेकांना गुणलेले आहेत. पदातल्या संख्येला सहगुणक म्हणतात, आणि अक्षराच्या वर उजवीकडे बारीक लिहिलेल्या आकड्याला घातांक. नुसतं क्ष लिहिलं असेल तर सहगुणक १ असतो आणि घातांकही १ असतो. दोन्ही लिहीत नाहीत, पण हिशेबात धरायचे असतात. नवशिक्यांची पुष्कळ गडबड या न लिहिलेल्या १ मुळे होते, तेव्हा सुरुवातीला पेन्सिलीने बारीक लिहून ठेवलात तरी चालेल.

२. चिन्ह पदाच्या मालकीचं समजा

वरच्या राशीतली तीन पदं कुठली? २क्ष², −५क्ष आणि +४. मधलं पद ५क्ष नाही, −५क्ष आहे. पदाच्या डावीकडचं चिन्ह त्या पदाचंच असतं, आणि पद जिकडे जाईल तिकडे ते चिन्हही जातं.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्या दाखवायला त्या संख्येच्या डोक्यावर टिंब देत. त्या लिहिण्यात चिन्ह संख्येपासून सुटं पडण्याची सोयच नव्हती. आपण आज वजा बाजूला लिहितो, त्यामुळे ते दोन पदांच्या मधलं वाटतं आणि नकळत मागे राहतं. म्हणून पहिले काही दिवस प्रत्येक पदाभोवती, चिन्हासकट, पेन्सिलीने गोल काढा.

३. एकपदी गुणिले एकपदी पक्कं करा

पुढचं सगळं याच क्रियेवर उभं आहे. दोन एकपदींचा गुणाकार नेहमी एकाच क्रमाने करा: आधी चिन्ह, मग संख्या, मग अक्षरं.

चिन्ह: सारख्या चिन्हांचा गुणाकार धन, वेगळ्या चिन्हांचा ऋण.
संख्या: सहगुणकांचा सरळ गुणाकार.
अक्षरं: तेच अक्षर दोन्हीकडे असेल तर घातांकांची बेरीज. वेगळी अक्षरं नुसती शेजारी शेजारी लिहायची.

३क्ष × (−५क्ष) घ्या. धन गुणिले ऋण म्हणून ऋण. ३ × ५ = १५. क्ष × क्ष म्हणजे घातांक १ + १ = २. उत्तर −१५क्ष².

४क्ष²य × ३क्षय: चिन्ह धन, संख्या १२, क्षचा घातांक २ + १ = ३, यचा १ + १ = २. उत्तर १२क्ष³य².

घातांकांची बेरीज का करायची, हे एकदा उलगडून लिहून पाहा. क्ष² म्हणजे क्ष × क्ष, क्ष³ म्हणजे क्ष × क्ष × क्ष. दोन्ही गुणले की पाच क्ष एका ओळीत येतात, म्हणून क्ष⁵. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घातांकांचा गुणाकार करून क्ष⁶ लिहिण्याचा मोह होत नाही.

इथे दोन गोष्टी अगदी जपा. सहगुणकांचा गुणाकार होतो आणि घातांकांची बेरीज. घाईत त्यांची अदलाबदल होऊन ३क्ष × २क्ष चं ५क्ष² लिहिलं जातं. बरोबर उत्तर ६क्ष². दुसरं, ३क्ष × ४ मध्ये ४ ला अक्षर नाही, म्हणून क्ष जसा आहे तसा राहतो: १२क्ष.

ही पायरी अडखळत असेल तर पुढे जाऊ नका. अशी वीस-पंचवीस गणितं झाली की हात बसतो.

४. वितरणाचा नियम खरा का, ते पाहून घ्या

नियम एवढाच आहे: अ × (ब + क) = अ × ब + अ × क. पाठ करायला एक मिनिट लागतं. पण तो का चालतो हे कळलं नसेल तर ताण आला की विसरतो.

तुम्ही तो बाजारात रोज वापरता. ९८ रुपयांच्या ७ वह्या घेतल्या तर किती? मनात आपण १०० ने ७०० करतो आणि सात वेळा २ म्हणजे १४ वजा करतो. ६८६. हेच ७ × (१०० − २) = ७०० − १४.

ही युक्ती फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. त्यातल्या लीलावतीत १३५ ला १२ ने गुणण्याचं उदाहरण आहे, आणि ते सोडवायच्या अनेक रीतींपैकी एक म्हणजे १२ चे ८ आणि ४ असे खंड करायचे. १३५ × ८ = १०८०, १३५ × ४ = ५४०, बेरीज १६२०. या भास्कराचार्यांच्या वंशाचा शिलालेख आपल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

आता वहीत एक आयत काढा. रुंदी ३, लांबी क्ष + ५. लांबीवर जिथे क्ष संपतो तिथे उभी रेघ मारा. डावीकडच्या तुकड्याचं क्षेत्रफळ ३क्ष, उजवीकडच्याचं १५. अख्ख्या आयताचं क्षेत्रफळ या दोघांची बेरीज, म्हणजे ३(क्ष + ५) = ३क्ष + १५. ज्याला ३क्ष + ५ लिहायची सवय आहे त्याने या चित्राकडे नीट पाहावं. उजवा तुकडाही ३ रुंदीचा आहे. त्याचं क्षेत्रफळ नुसतं ५ कसं असेल?

५. मधली ओळ लिहा

या लेखातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ती ही. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक ओळ लिहायची, ज्यात प्रत्येक गुणाकार वेगळा मांडलेला असेल.

उदाहरण: ३क्ष(२क्ष² − ५क्ष + ४)

मधली ओळ:
= ३क्ष × (२क्ष²) + ३क्ष × (−५क्ष) + ३क्ष × (४)

उत्तर:
= ६क्ष³ − १५क्ष² + १२क्ष

मधल्या ओळीत काय केलं ते बघा. कंसातलं प्रत्येक पद त्याच्या चिन्हासकट स्वतःच्या छोट्या कंसात ठेवलं आणि मध्ये सगळीकडे अधिकच लिहिलं. वजा आतल्या कंसात सुरक्षित बसला, आता तो हरवू शकत नाही. मग तिसऱ्या पायरीतली क्रिया तीनदा करायची, बस्स.

पंगतीत वाढपी एकही पान सोडून पुढे जात नाही, तसं बाहेरचं पद आतल्या प्रत्येक पदापाशी गेलं पाहिजे. सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे पहिल्या पदाला गुणायचं आणि बाकीची तशीच उतरवायची: ६क्ष³ − ५क्ष + ४. ती पकडायची सोपी खूण आहे. कंसात तीन पदं होती, तर उत्तरातही तीनच पदं हवीत, आणि बाहेर क्ष असेल तर उत्तरातल्या प्रत्येक पदात निदान एक क्ष हवा. क्ष नसलेला सुटा ४ दिसला की समजा, ते पद राहिलं.

मधली ओळ लिहायला वेळ जातो असं सगळे म्हणतात. एक ओळ लिहायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ शेवटी चुकलेलं चिन्ह शोधण्यात जातो. शिवाय पेपरात पायऱ्यांना गुण असतात. ती ओळ कागदावर असली तर तपासणाऱ्याला तुमची रीत दिसते.

६. कंसाबाहेर वजा असेल तर

इथे सावकाश चला. बाहेरची एकपदी ऋण असली की आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह उलटतं, फक्त पहिल्याचं नाही.

−२क्ष(क्ष² − ३क्ष + ७)
= (−२क्ष) × (क्ष²) + (−२क्ष) × (−३क्ष) + (−२क्ष) × (७)
= −२क्ष³ + ६क्ष² − १४क्ष

मधलं पद धन झालं, कारण ऋण गुणिले ऋण. शेवटचं ऋण झालं, कारण ऋण गुणिले धन.

याचाच लपलेला प्रकार म्हणजे −(क्ष − ४). बाहेर संख्या दिसत नाही, पण तिथे −१ आहे. −१ लिहूनच टाका: −१ × (क्ष) + (−१) × (−४) = −क्ष + ४.

आणखी एक लपलेला प्रकार: ७ − २(क्ष − ३). हा वजा २ चा आहे. त्यामुळे बाहेरची एकपदी −२ धरायची: ७ + (−२) × (क्ष) + (−२) × (−३) = ७ − २क्ष + ६ = १३ − २क्ष.

७. दोन अक्षरं किंवा अपूर्णांक आले तरी

घाबरायचं कारण नाही, नवं काहीच नाही.

४क्ष²य(३क्षय − २य² + ५)
= १२क्ष³य² − ८क्ष²य³ + २०क्ष²य

प्रत्येक अक्षराच्या घातांकांची बेरीज वेगवेगळी करा. क्षचा हिशेब क्षशी, यचा यशी.

अपूर्णांक असेल तर गुणाकाराच्या आधी काटछाट करा. बाहेर २/३ क्ष आणि कंसात ६क्ष − ९ असेल, तर ६ चे दोन तृतीयांश ४ आणि ९ चे दोन तृतीयांश ६. उत्तर ४क्ष² − ६क्ष.

८. शेवटी सजातीय पदं एकत्र करा

एकच कंस असेल आणि त्यातली पदं आधीच एकत्र केलेली असतील, तर गुणाकारानंतर एकत्र करण्यासारखं काही उरत नाही. दोन कंस असले की मात्र ही पायरी येते.

५क्ष(क्ष + २) − ३क्ष(क्ष − ४)
= ५क्ष² + १०क्ष − ३क्ष² + १२क्ष
= २क्ष² + २२क्ष

ज्यांचं अक्षर आणि घातांक दोन्ही सारखे, तीच पदं सजातीय. क्ष² आणि क्ष यांची बेरीज होत नाही, ती तशीच ठेवायची. २क्ष² + २२क्ष चं २४क्ष³ करू नका. उत्तर दोन पदांचं असलं म्हणून ते अर्धवट नसतं.

९. ताळा करा, आणि त्यासाठी १० घ्या

क्षच्या जागी एखादी संख्या घालून प्रश्नाची आणि उत्तराची किंमत काढायची. दोन्ही जुळल्या पाहिजेत.

संख्या कुठली घ्यायची हे महत्त्वाचं आहे. ० घेतलात तर क्ष असलेली सगळी पदं नाहीशी होतात. १ घेतलात तर क्ष, क्ष², क्ष³ सगळ्यांची किंमत १, म्हणजे घातांकातली चूक दिसणारच नाही. २ सुद्धा फसवा आहे, कारण २ चा वर्गही ४ आणि २ ची दुप्पटही ४. क्ष² च्या जागी चुकून २क्ष लिहिलं असेल तर ताळा खुशाल जुळेल. १० उत्तम. वर्ग १००, घन १०००, तोंडी हिशेब होतो.

पाचव्या पायरीतलं उदाहरण तपासू. क्ष = १० असताना ३क्ष म्हणजे ३०, आणि कंस २०० − ५० + ४ = १५४. गुणाकार ४६२०. उत्तराची किंमत ६००० − १५०० + १२० = ४६२०. जुळलं.

आठव्या पायरीत शेवटचं पद चुकून −१२क्ष लिहिलं असतं तर उत्तर २क्ष² − २क्ष आलं असतं आणि किंमत १८०. प्रश्नाची किंमत मात्र ६०० − १८० = ४२०. चूक लगेच उघडी पडली असती.

ताळा जुळला नाही तर चूक नक्की आहे. जुळला तर उत्तर जवळजवळ नेहमीच बरोबर असतं; शंका असेल तर ३ घालून आणखी एकदा बघा.

१०. हे तीन खड्डे ओळखून ठेवा

पहिला: कंसात गुणाकार असेल तर वितरण होत नाही. ३(२क्ष × य) चं उत्तर ६क्षय. ३ दोघांनाही दिला तर १८क्षय येईल, आणि ते चूक आहे. वितरण फक्त अधिक-वजाने जोडलेल्या पदांवर.

दुसरा: ५ + २(क्ष + ३) मध्ये ५ आणि २ ची बेरीज आधी करून ७(क्ष + ३) लिहू नका. २ कंसाशी गुणाकाराने बांधलेला आहे, त्यामुळे आधी कंस सोडवायचा: ५ + २क्ष + ६ = २क्ष + ११. श्रेढीच्या धड्यात ही चूक हमखास होते. पहिलं पद ७ आणि पुढचं प्रत्येक पद ४ ने मोठं असेल, तर न-वं पद ७ + (न − १) × ४. इथे ७ आणि ४ मिळवून ११ करायचे नाहीत. ७ + ४न − ४ = ४न + ३. न = १ घाला, ७ येतात, म्हणजे बरोबर. एकपदी कंसाच्या उजवीकडे आहे म्हणूनही गोंधळू नका. गुणाकारात बाजू बदलली तरी फरक पडत नाही.

तिसरा: (क्ष + ३)² हा वर्ग आहे. त्यात बाहेरचा २ गुणायला घेऊन २क्ष + ६ करायचं नाही. तो द्विपदी गुणिले द्विपदीचा प्रकार आहे. तिथेही हाच नियम दोनदा वापरतात, पण आधी एकपदी पक्की होऊ द्या.

११. दहावीत हे कुठे लागतं

सगळ्यात ठळक जागा वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणांत. आयताची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर असेल, तर रुंदी क्ष मानून क्ष(क्ष + ५) = ८४. कंस सोडवला की क्ष² + ५क्ष = ८४, आणि ८४ डावीकडे आणले की क्ष² + ५क्ष − ८४ = ०. आता अवयव पाडता येतात: (क्ष + १२)(क्ष − ७) = ०. रुंदी ऋण नसते, म्हणून क्ष = ७; रुंदी ७ मीटर, लांबी १२ मीटर.

यातली एक गफलत सांगते. क्ष(क्ष + ५) = ८४ एवढं दिसताच काही जण क्ष = ८४ किंवा क्ष + ५ = ८४ असं लिहून मोकळे होतात. गुणाकार शून्य असेल तेव्हाच असे दोन भाग करता येतात. म्हणून आधी कंस सोडवून एक बाजू शून्य करावीच लागते.

सरावासाठी

मधली ओळ लिहून करा, मग १० घालून ताळा करा, आणि त्यानंतरच उत्तरं बघा.

क) ५(३क्ष − ८)
ख) −४क्ष(२क्ष² + क्ष − ६)
ग) ३क्ष²य(२य − ५क्ष)
घ) ९ − ३(२ − क्ष)
च) २क्ष(क्ष + ६) − क्ष(२क्ष − १)

उत्तरं:

क) १५क्ष − ४०
ख) −८क्ष³ − ४क्ष² + २४क्ष
ग) ६क्ष²य² − १५क्ष³य
घ) ३ + ३क्ष
च) १३क्ष

शेवटच्या गणितात वर्गाची पदं एकमेकांना उडवतात आणि एकच पद उरतं. काहीतरी राहिलं असं वाटून खोडू नका. १० घालून बघा, ३२० − १९० म्हणजे १३० च येतात.